झाकणावरचं नाव

"ते स्क्रीन-बिन राहू द्या. झाकण कशाचं असतं ते सांगा," नानाशेठ दिवटे म्हणाले.

ही आमच्या ज्ञातिमंडळाच्या लॅपटॉप निवड उपसमितीची बैठक होती. मंडळाचं कार्यालय साताऱ्यात एका मंगल कार्यालयाच्या माडीवर आहे. खाली लग्न असलं की वरचे सगळे ठराव बँडच्या तालावर मंजूर होतात. त्या दिवशी खाली लग्न नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि तीच मोठी आपत्ती होती.

उपसमितीत आम्ही चौघे. अध्यक्ष बापूसाहेब करंबेळकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर पाणी अडवायला मिळेना म्हणून माणसं अडवत. चिटणीस विलासराव फणसळकर यांना स्वतःला संगणकातलं काही कळत नसे, पण त्यांचा मुलगा सिएटलला होता आणि त्यामुळे त्यांना सगळ्यातलंच कळायचं. नानाशेठ दिवटे हे देणगीदार. पेठेत त्यांचं भांड्यांचं जुनं दुकान. वडिलांच्या स्मरणार्थ एका होतकरू विद्यार्थ्याला लॅपटॉप द्यायचं त्यांनी वार्षिक सभेत जाहीर केलं होतं, तेही जेवणाच्या आधी, म्हणजे टाळ्या पडतील अशा वेळी. चौथा मी. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि घरी लॅपटॉप आहे, एवढ्या भांडवलावर मला तज्ज्ञ म्हणून घेतलं होतं.

दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर रेणुका सावळेकर बसली होती. लॅपटॉप तिला मिळणार होता म्हणून तिला कोरेगावहून बोलावून घेतलं होतं. विचारायला नव्हे, बघायला. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमच तो. पोहे तेवढे नव्हते. वडील नाहीत, आई एका वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करते, मुलगी एम.कॉम.ला आणि हुशार, ही माहिती बापूसाहेबांनी तिच्यादेखत दोनदा वाचून दाखवली. दोन्ही वेळा ती "हो सर" म्हणाली. मला अशा मुलींचा कंटाळा येतो. वर्गातही पहिल्या बाकावर त्याच असतात. मी चुकीचं सांगितलं तरी वहीत उतरवून घेतात.

"झाकण प्लास्टिकचं असतं, नाही तर धातूचं," मी म्हणालो.

"धातू म्हणजे कुठला?"

"ॲल्युमिनियम असेल."

"मऊ," नानाशेठ म्हणाले आणि समोरच्या टेबलावर तर्जनी फिरवत राहिले. "पण बरं असतं. चांगलं बसतं."

काय चांगलं बसतं हे मी विचारलं नाही. भांडीवाल्याला झाकणात रस असणारच, असं वाटलं.

"झाकणाचं नंतर," बापूसाहेब म्हणाले. "आधी साइज. माझं म्हणणं, मोठ्यात मोठा घ्यावा. गेल्या वर्षी आपण शब्दकोश दिले. फोटोत काय दिसलं? काही नाही. पोरांनी विटा धरल्यात असं वाटत होतं."

"आमचा निनाद म्हणतो," विलासराव फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचू लागले, "की आय-सेव्हनच्या खाली बघूच नका. तिकडे आय-थ्री कुणी फुकट दिला तरी घेत नाही."

"तिकडे नाही घेत, इकडे घेतात," मी म्हणालो. "तिला काय करायचंय त्यावर ठरवू या ना. रेणुका, तुला कशासाठी हवाय?"

ती उठून उभी राहिली. "सर, कॉलेजचं टायपिंग, ऑनलाइन लेक्चर, एक्सेल. आणि एका सीए सरांकडे दुपारचं शिकाऊ म्हणून घेतायत मला. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर चाललं पाहिजे. आय-थ्री पुरतो. रॅम आठ असली की झालं. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची नको, एसएसडी हवी. आणि हलका पाहिजे, एसटीत उभं राहून यावं लागतं. बॅटरी टिकणारी. आमच्याकडे लाइट जाते."

उपसमितीच्या दोन महिन्यांच्या आयुष्यात झालेलं हे एकमेव कामाचं भाषण. त्याची पावती म्हणून तिघांनी मान डोलावली आणि ते आपापल्या जागी परत गेले.

"आय-थ्री द्यायचा म्हणजे..." बापूसाहेब मला म्हणाले, "प्रोफेसर, तुम्हाला कल्पना नाही. वरच्या आळीतल्या मंडळानं दिवाळीत आय-फाइव्ह दिलाय. उद्या लोक विचारतील, तुमच्या समाजाची ऐपत तीनचीच का?"

"आणि हलका घेतला तर हातात घेतल्यावर काही दिल्यासारखं तरी वाटेल का?" विलासराव म्हणाले.

"ती एसटीत उभी असते," मी म्हणालो.

"बसायला मिळेल हो. कोरेगावला बऱ्याच गाड्या जातात."

रेणुका अजून उभीच होती. "बापूसाहेब," ती हळूच म्हणाली, "सीए सरांनी सांगितलंय, स्वतःचा लॅपटॉप असेल तरच सोमवारी या. पुढच्या सोमवारी. नाही तर ते दुसऱ्या मुलाला घेणार आहेत."

"मग काय झालं? रविवारी समारंभ. सोमवारी तू ऑफिसात. मंडळाचं टायमिंग बघ!" बापूसाहेब म्हणाले, जणू समारंभाची तारीख तिच्यासाठी ठरली होती. ती ठरली होती प्रमुख पाहुण्यांचा मोतीबिंदू कधी निघतोय त्यावर.

"हो सर," ती म्हणाली आणि बसली. बसताना तिने माझ्याकडे नाही, बापूसाहेबांकडे नाही, नानाशेठकडे पाहिलं. नानाशेठ अजून टेबलावर बोट फिरवत होते.

*

खरेदीला आम्ही पेठेतल्याच एका संगणकाच्या दुकानात गेलो. आय-सेव्हनची किंमत ऐकताच नानाशेठच्या पितृभक्तीला तीन हा आकडा आपोआप पुरेसा वाटू लागला, आणि सिएटलचा सल्ला विलासरावांनी खिशात परत ठेवला. मोठा लॅपटॉप बापूसाहेबांनी स्वतः उचलून पाहिला आणि फोटो निघेपर्यंत तो तसाच धरून उभं राहायचं आहे हे लक्षात येताच खाली ठेवला. अशा रीतीने निवड योग्य दिशेने सरकत होती. समिती शहाणी व्हायला नेहमी एवढंच लागतं; प्रत्येकाचा मूर्खपणा त्याला स्वतःला महाग पडायला हवा.

उरले दोन. एक प्लास्टिकच्या झाकणाचा, एक धातूच्या. आत दोन्ही सारखेच. रेणुकाने प्लास्टिकचा हातात घेतला, कीबोर्डवर बोटं चालवून पाहिली आणि म्हणाली, "हा चालेल."

"थांब पोरी," नानाशेठ म्हणाले. त्यांनी दुसरा लॅपटॉप मिटला, कानाजवळ नेला आणि बोटाच्या पेरानं झाकणावर टकटक केलं. चाळीस वर्षं कळशा आणि पातेली अशीच तपासलेला माणूस. दुकानातला पोरगा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"हा घ्या," नानाशेठ म्हणाले. "वरचे पैसे माझे. पत्रा चांगलाय."

"काका, मला प्लास्टिकचाही..."

"अगं, प्लास्टिक म्हणजे बादली! माझ्या बापाच्या नावानं मी बादली देऊ?"

धातूचा हलकाही होता. मला बरंच वाटलं. शेवटी, कारण काही का असेना, तिला हवा तसाच लॅपटॉप मिळत होता. मी दुकानदाराला त्यात लागणारं सगळं टाकून, चालू करून दाखवायला लावलं. पडदा उजळला तसा तिचा चेहराही उजळला. पहिल्यांदाच तिने आपणहून काही मागितलं.

"काका, मी आज नेऊ का घरी? रविवारी परत आणते समारंभाला. तोवर सॉफ्टवेअर शिकून होईल माझं."

तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. लग्नाआधीच सासरी राहायला जाते म्हणाली असती तरी एवढं पाहिलं नसतं.

"सत्काराआधी?" बापूसाहेब म्हणाले. "मग रविवारी तुला द्यायचं काय?"

"हाच."

"वापरलेला?"

नानाशेठनी खोकं काखेत मारलं. "माझ्या दुकानात राहील. सुरक्षित. लोखंडी शटर आहे." मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नकोस. असा देतो बघ, जन्मभर लक्षात ठेवशील."

*

रविवारी संध्याकाळी खालचा हॉल भरला होता. गुणवंतांपेक्षा त्यांचे नातेवाईक जास्त, आणि नातेवाइकांपेक्षा मसालेभाताचा वास. आमच्या समारंभाला गर्दी होते ती कशानं, हे मंडळाला पक्कं ठाऊक असल्यामुळे जेवण नेहमी भाषणांनंतर असतं.

रेणुका माझ्याही आधी आली होती. खांद्याला कापडी पिशवी. दारात मला म्हणाली, "सर, दिवटे काका आले का? भाषणांआधी एक मिनिट भेटायचं होतं."

"आभार मागाहून मान ना. तुला स्टेजवर बोलायचंच आहे."

"आभाराचं नाही. दुसरं होतं."

नानाशेठ तोवर आलेच नव्हते. आले ते थेट स्टेजवर, प्रमुख पाहुण्यांबरोबर, रेशमी सदऱ्यात. त्यांच्यामागून दुकानातला नोकर चांदीचं ताट घेऊन आला. ताटात जरीच्या कापडाखाली काहीतरी चपटं झाकलेलं. ताट टेबलावर ठेवलं, त्यावर झेंडूची फुलं टाकली. रेणुकाचं आणि त्यांचं बोलणं राहिलंच.

दीपप्रज्वलन झालं. प्रास्ताविक झालं. विलासरावांनी निनादचा संदेश वाचून दाखवला; तो प्रगतीविषयी होता. प्रमुख पाहुणे, एक निवृत्त उपजिल्हाधिकारी, नव्या डोळ्याला हिरवी पट्टी लावून खुर्चीत बसले होते. जुना डोळा झोपला होता. प्रशस्तिपत्रं वाटून झाली. मग बापूसाहेब माइकपाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आता... तो क्षण."

नानाशेठनी कापड उचललं.

मी स्टेजवरच होतो, तिसऱ्या खुर्चीवर. मला स्वच्छ दिसलं. त्या राखाडी, गुळगुळीत झाकणावर, या काठापासून त्या काठापर्यंत, टिंबाटिंबांच्या ओळी कोरल्या होत्या. लग्नाच्या पितळी डब्यांवर असतात ना, अगदी तशाच.

*कै. रामचंद्र विष्णू दिवटे यांचे स्मरणार्थ. सुपुत्र नारायण रामचंद्र दिवटे, भांड्यांचे व्यापारी, पेठ, सातारा. आमचे येथे जुन्या मोडीवर नवीन भांडी मिळतील.*

शेवटी दुकानाचा फोन नंबर.

आमच्याकडे हे नवीन नाही. देवळातल्या नळीच्या दिव्यावर देणगीदाराचं नाव इतकं मोठं असतं की उजेड त्याच्या आडून येतो. शाळेच्या पंख्याची तीनही पाती तीन भावांत वाटलेली असतात. स्मशानातल्या बाकावर टेकलं की कुणाचे तरी आईवडील पाठीला टोचतात. पण लॅपटॉपच्या झाकणामागे दुसरं काही नसतं. तिथे पडदाच असतो. भांड्यांच्या दुकानातलं ते नाव टाकायचं मशीन, टर्रर्र करत सुई नाचवणारं, त्या पडद्याच्या पाठीवर तासभर तरी चाललं असणार.

"स्वतः टाकलंय," नानाशेठ माझ्याकडे झुकून कुजबुजले. "काल दुपारी. नोकराला हात लावू दिला नाही. अक्षर बघा."

"उघडून पाहिलंत का?"

"उघडायचं काय? नाव बाहेरून आहे."

मी बापूसाहेबांचा कोट ओढला. "पडदा गेला असेल. आधी चालू करून बघा."

बापूसाहेबांनी हसरा चेहरा लोकांकडे ठेवून तोंडाच्या कोपऱ्यातून उत्तर दिलं. पाटबंधारे खात्यात ही कला येते. "आता काही बोलू नका. फोटो होऊ द्या. फोटोत झाकणच दिसतंय."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी गेल्यावर पडला असेल तिच्या हातून. एसटीत उभी असते, तुम्हीच म्हणालात."

मी खुर्चीतून उठेपर्यंत त्यांनी तिचं नाव पुकारलंही होतं. रेणुका पायऱ्या चढून आली. तिच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, मग नारळावर लॅपटॉप. त्या डोलाऱ्यासकट तिला मध्ये उभं केलं आणि चौघांनी चारी बाजूंनी लॅपटॉपला एकेक हात लावला. फोटो निघाले. तिने मान खाली घालून झाकणावरचा मजकूर वाचला. शेवटपर्यंत. फोन नंबरसुद्धा.

"इथे सही कर," बापूसाहेबांनी पावती पुढे केली. "लॅपटॉप चालू स्थितीत मिळाला. आणि दोन शब्द बोल. थोडक्यात. भात निवतोय."

तिने नारळ माझ्या हातात दिला. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि माइक खाली ओढला.

"चालू करून बघते आणि सही करते," ती म्हणाली. माइकमधून.

"अगं, आपली माणसं आहेत ही—" बापूसाहेब म्हणाले, पण तेही माइकमध्येच गेलं, त्यामुळे त्यांना हसावं लागलं. "हो, हो, बघ की! बघू दे तिला."

तिने झाकण उघडलं, बटण दाबलं, आणि उजळलेला पडदा लोकांना दिसावा म्हणून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

पडद्याच्या डाव्या अंगाला शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला होता. उरलेल्या भागात आडव्या-उभ्या रंगीत रेषा. आणि त्यावर, काठापासून काठापर्यंत, सुईच्या प्रत्येक टोचणीचा एकेक पांढरा ठिपका. उलट्या अक्षरांच्या ओळी, आरशात दिसाव्यात तशा, आतून पेटलेल्या.

मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे वा! नाव आत पण टाकलंय!"

आणि टाळ्या पडल्या.

मी आयुष्यात बऱ्याच सभा पाहिल्या आहेत, पण आपल्याच फजितीला इतक्या मनापासून टाळ्या देणारी माणसं पुन्हा पाहिली नाहीत. मागच्या बायका माना उंचावून बघत होत्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. प्रमुख पाहुण्यांना जाग आली. त्यांनी एका डोळ्याने पाहिलं आणि "फार सुंदर, लाइट फार सुंदर," म्हणाले. नानाशेठ आधी दचकले होते. पण टाळ्यांचा आवाज वाढला तसे ते सावरले, आणि मग त्यांनी चक्क हात जोडले, पडद्याला. बापाचं नाव प्रकाशत होतं. उलटं का होईना.

"चला, सही," बापूसाहेब म्हणाले.

या क्षणी ती "हो सर" म्हणेल, अशी माझी खात्री होती.

"मला दिवटे काकांविषयी बोलायचंय," रेणुका माइकमध्ये म्हणाली. आवाज तोच, हळू. "माझ्या आईने काकांच्या दुकानातून एक कुकर घेतला होता. घरी गेल्यावर बघतो तर झाकण बसेना. आई म्हणाली, आता कोण बदलून देणार? पण काकांनी पावतीसुद्धा मागितली नाही. म्हणाले, दिवट्यांच्या दुकानातून बिघडलेलं भांडं गिऱ्हाइकाच्या घरी गेलं तर माझा बाप वरून मला शिव्या घालेल."

लोक हसले. नानाशेठही हसले. "म्हणालो होतो," ते म्हणाले. "म्हणतोच मी."

"साताऱ्यात काकांची ही ख्याती आहे. म्हणून मला आज अजिबात काळजी नाही. याचा पडदा फुटलाय. नाव तेवढं दिसतंय, बाकी काही दिसत नाही. उद्या दुपारी मला कामावर हजर व्हायचंय आणि लॅपटॉप नसेल तर ती जागा जाईल. पण काकांच्या वडिलांच्या नावाने दिलेली वस्तू आहे ही. काका ती बिघडलेली राहू देणारच नाहीत. म्हणून मी त्यांचे आधीच आभार मानते."

तिने वाकून नमस्कार केला. टाळ्या आधीपेक्षा मोठ्या पडल्या. मागून कुणीतरी "दिवटे शेठ, वा!" ओरडलं.

नानाशेठच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते मी तीन फुटांवरून पाहिलं. आधी "फुटलाय?" हे कळलं. मग "मी फोडला," हे कळलं. भांड्यांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते लागलं, खरंच लागलं, आणि त्या अर्ध्या क्षणापुरता मला तो माणूस आवडला. मग टाळ्या कानावर आल्या आणि तो क्षण संपला. ते माइककडे झेपावले.

"बदलून देतो! नवा कोरा! दिवट्यांचा शब्द आहे! उद्याच्या उद्या—"

"आज चालेल, काका," रेणुका म्हणाली. "ते संगणकाचं दुकान नऊपर्यंत उघडं असतं. मी विचारून आलेय."

*

जेवण सोडून आम्ही तिघेच निघालो. नानाशेठना आधी स्वतःच्या दुकानातून कार्ड घ्यायचं होतं. मग संगणकाच्या दुकानात तसाच दुसरा लॅपटॉप मिळाला, तोही धातूच्या झाकणाचा. प्लास्टिकचा विकला गेला होता. रेणुकाने तिथेच उघडून पाहिला, चालू केला, बंद केला. पावतीवर सही केली. सगळं नीट झालं. पण परत येताना नानाशेठची पावलं भांड्यांच्या दुकानापाशी रेंगाळली. गल्ल्यावर ते मशीन होतं. त्यांनी मशीनकडे पाहिलं. खोक्याकडे पाहिलं.

"हळू हातानं," ते म्हणाले. "नुसतं 'कै. दिवटे' एवढंच. कडेला. काल मी जरा दाबून घेतलं, ते चुकलं. आज सुई टेकवणार पण नाही."

"नानाशेठ!" मी म्हणालो.

"अहो, पण मग या लॅपटॉपवर माझ्या बापाचं काय?" त्यांचा आवाज खरोखरच कातर झाला होता. "पैसे दोनदा गेले आणि नाव एकदाही नाही."

रेणुकाने खांद्यावरची कापडी पिशवी उतरवली. आतून एक स्टीलचा डबा काढला. रिकामा, घासून लख्ख केलेला. तो तिने गल्ल्यावर ठेवला.

"काका, यावर टाका. लॅपटॉप मी एकटीच बघणार. डबा रोज ऑफिसात सगळ्यांच्या मध्ये उघडणार. सीए सरांची गिऱ्हाइकं सगळी व्यापारीच असतात."

नानाशेठनी डबा उचलला, पेरानं टकटक केलं, कानाशी नेला. "जाड पत्रा आहे," ते म्हणाले, आणि त्यांचं तोंड लहान मुलासारखं फुललं.

मजकूर झाकणावर मावला नाही. वडील झाकणावर बसले, सुपुत्र अंगावरून गोल फिरले, आणि जुन्या मोडीचं तळाला गेलं. टर्रर्र आवाज चालू असताना रेणुका खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर, मशीनपासून लांब उभी होती.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी आली: "ज्ञातिमंडळातर्फे लॅपटॉपांचे वाटप". अनेकवचन होतं. खोटंही नव्हतं. फुटलेला लॅपटॉप मंडळाच्या कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवला आहे. कै. दिवट्यांच्या पुण्यतिथीला त्याला वीज जोडतात, उलटी अक्षरं पेटतात आणि समोर नारळ फुटतो. डाग आता बराच पसरलाय, पण "रामचंद्र" अजून लागतं. उपसमिती बरखास्त झालेली नाही. मी राजीनामा दिला. तो पुढच्या बैठकीपर्यंत विचाराधीन आहे.

गेल्या वर्षी पुण्यात एका कामासाठी रेणुकाकडे गेलो होतो. आता तिचं स्वतःचं ऑफिस आहे. हाताखाली चार मुलं, चौघांपुढे साधे, स्वस्तातले लॅपटॉप. जेवणाची वेळ झाली तसा तिने आग्रह करून बसवून घेतलं आणि टेबलावर तो डबा ठेवला. अक्षर न् अक्षर शाबूत. आत मेथीची भाजी.

"आणि तो लॅपटॉप?" मी विचारलं.

"तो कधीच गेला, सर. पण परीक्षा होईपर्यंत टिकला. माझं काम झालं."

मी भाकरी मोडली. मला जुन्या आठवणी निघाल्या की शहाणपणाचं बोलायची सवय आहे. म्हणालो, "त्या दिवशी तुझ्या पिशवीत डबा होता म्हणून वाचलीस. नशीबच म्हणायचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. हाताखालच्या त्या चौघांपैकी कुणाकडे पाहावं तसं.

"नशीब कसलं, सर? पहिल्या मीटिंगलाच त्यांनी झाकण कशाचं विचारलं होतं. टेबलावर बोटाने नाव काढत होते, तुम्ही शेजारीच होता. समारंभाच्या आधी डबा पुढे करायचा म्हणून लवकर आले, तर त्यांनी आदल्या दिवशीच उरकलेलं." तिने भाजी माझ्या ताटात वाढली. "रविवारी, तेसुद्धा मंडळाचं जेवण असताना, कुणी रिकामा डबा घेऊन येतं का?"